शिकागोत वरणभात, घाटकोपरात पिझ्झा

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे, त्याचा कडूपणा जिभेला लावावयाचा आणि मगच फराळाला बसावयाचे, ही आपली जुनी रीत. आधी थोडे कडू घेतले म्हणजे पुढचे गोड अधिक गोड लागते, एवढा साधा हिशेब तिच्यामागे असावा. वाचकांनी या लेखाकडे त्याच दृष्टीने पाहावे. अंकात करंज्या-चकल्या पुष्कळ आहेत; हे आपले एक कारीट.

आमच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवी यात्रा रूढ झाली आहे. पूर्वी माणसे काशी करून येत. आता अमेरिका करून येतात. काशीहून परतल्यावर मावंदे घालून आळीला जेवू घालीत. आता चारशे छायाचित्रे दाखवितात आणि चहावर बोळवण करितात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टेक्ससात, अशी घरे आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतात. आईबापांनी लेकरांकडे जावे, नातवंडे मांडीवर घ्यावीत, विमानाचे भाडे भरलेच आहे तर चार शहरेही पाहून घ्यावीत. याला नाव ठेवणारा माणूस करंटाच म्हटला पाहिजे, आणि मी तो नव्हे.

माझे भांडण आहे ते परतल्यानंतरच्या गप्पांशी. "काय काय पाहिलेत?" असे विचारावे, तर समोरून यादी येते. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवी, फिलाडेल्फियाला तडा गेलेली घंटा, वॉशिंग्टनला व्हाइट हाउस, सॅन फ्रान्सिस्कोला तो तांबडा पूल, आणि साऱ्यांवर कळस म्हणून नायगारा. "आणि जेवणाखाण्याचे हो?" "छे, त्याची काही ददात नव्हती! सहलवाल्यांनी आपला आचारी बरोबर दिला होता. शिकागोत गरमागरम वरणभात, वर तूप, लिंबाची फोड! परदेशात आहोत असे एक दिवससुद्धा वाटले नाही!"

वाचकहो, या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबा. लाखो रुपये मोजून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून माणूस परदेशी गेला, आणि आपण परदेशी आहोत असे त्याला एक दिवससुद्धा वाटले नाही, याचाच त्याला अभिमान! मग गेला कशाला?

आता हेच कुटुंब रविवारी संध्याकाळी घाटकोपरला पाहावे. "आज काहीतरी वेगळे खाऊ" म्हणून मंडळी बाहेर पडतात आणि पिझ्झाच्या दुकानापुढे अर्धा तास ताटकळत उभी राहतात. पूर्वेच्या वल्लभबाग गल्लीतल्या खाऊगल्लीत शिरली, तरी डोशावर चीज आणि डोशात शेजवान मागितल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. आता मौज पाहा. खोलगट थाळीत भाजलेला, चांगला दोन बोटे जाड पिझ्झा ही शिकागोची खास चीज. १९४३ सालापासून त्या शहराने ती मिरविली आहे. ती शिकागोत चाखावयाची नाही, आणि तिची पातळ नक्कल घाटकोपरात रांग लावून खावयाची! शिकागोत वरणभात आणि घाटकोपरात पिझ्झा, असा हा उलटा न्याय आहे.

यावर आमचे शेजारी म्हणतात, "मास्तर, पण आपल्या उपनगरात पाहण्यासारखे आहे तरी काय? स्टेशन, बाजार, इमारती आणि गर्दी." हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की त्याचा समाचार घेतल्याशिवाय सुटका नाही.

मी अंधेरीच्या एका शाळेत शिकवितो. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला मी मुलांना दोन चित्रे दाखविली. पहिले चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलाचे. साऱ्या वर्गाने एका आवाजात नाव सांगितले. सिनेमात पाहिलेला होता. दुसऱ्या चित्रात एक काळाकभिन्न खडक होता. जमिनीतून सरळ वर उठलेला, जणू शेकडो दगडी खांब एकमेकांना चिकटवून उभे केले आहेत. वर्ग गप्प. शेवटी एका हुशार मुलाने विचारले, "सर, हे पण अमेरिकेतच आहे ना?"

तो खडक शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी ती. उंची सुमारे २०० फूट. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. सह्याद्री ज्या लाव्हारसाने घडला, त्याच काळातला हा बसाल्ट. डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले तोही हाच सुमार. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडत जाऊन असे खांब तयार होतात. टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, वर जावयास दगडात पायऱ्या आहेत. भाविक मंडळी वर जातात, देवीला हात जोडतात आणि खाली येतात; पायांखाली काय आहे हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

मुलाचा प्रश्न मात्र अगदीच वेडा नव्हता. असे खांबांचे खडक अमेरिकेत खरोखरीच आहेत. वायोमिंग संस्थानात डेव्हिल्स टॉवर नावाचा एक प्रचंड सुळका आहे. त्याचा दगड निराळ्या जातीचा, उंची आपल्या टेकडीच्या चौपटीहून अधिक, पण वयाने तो हिच्यापेक्षा धाकटा. कॅलिफोर्नियात डेव्हिल्स पोस्टपाइल म्हणून आणखी एक आहे. तो तर हिच्यापुढे तान्हे बाळ, पुरती एक लाख वर्षेही त्याला झालेली नाहीत. डेव्हिल्स टॉवरला थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली राष्ट्रीय स्मारक ठरविले. त्या देशातले ते पहिले राष्ट्रीय स्मारक. आज तेथे वाटा आहेत, फलक आहेत, माहिती सांगणारे रक्षक आहेत, आणि दरवर्षी लाखो माणसे तो पाहावयास जातात. आमच्या टेकडीचे काय झाले? असेच खांब पूर्वी जोगेश्वरीच्या बाजूलाही होते. ते खाणीत फोडले गेले. उरलेल्या टेकडीला महापालिकेने २००७ साली वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत घातले आणि भोवतालचे खणकाम बंद केले. तोवर इमारती आणि झोपड्या अगदी पायथ्याला येऊन भिडल्या होत्या. आज टेकडी पाहावयाची तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दोन इमारतींच्या फटीतून पाहावी लागते.

"बघा, म्हणजे अमेरिकेला कदर आहे, आपल्याला नाही, म्हणून तर आम्ही तिकडे जातो!" असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या लाडक्या नायगाराचीच गोष्ट ऐकावी. एकोणिसाव्या शतकात त्या धबधब्याच्या अमेरिकी काठावर गिरण्या आणि कारखाने उभे राहिले होते. जमिनीच्या मालकांनी कुंपणे घालून धबधबा झाकला होता, आणि पैसे टाकल्याशिवाय पाण्याचे दर्शन होत नव्हते. शहाण्या नागरिकांना याची लाज वाटली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या प्रसिद्ध उद्यानकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. तेव्हा कोठे १८८५ साली न्यूयॉर्क संस्थानाने ती जमीन विकत घेऊन लोकांना खुली केली. नायगारा देवाने दिला, परंतु तो मोकळा केला तो माणसांनी. आणि तोही जाऊन पाहणाऱ्या, पाहून अस्वस्थ होणाऱ्या माणसांनी. आपली मंडळी तेथे जाऊन पाणी पाहून येतात, पण ही गोष्ट काही घेऊन येत नाहीत.

माझे म्हणणे सारे यातच आहे. जे कोणी पाहत नाही ते कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते ते पहिल्या बळकावणाऱ्याचे होते. उपनगरात पाहण्यासारखे काही नाही, हे नुसते अज्ञान असते तर मी दिवाळीत त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण या अज्ञानावर डोळा ठेवून बसलेले लोक आहेत, आणि आपण नाही म्हणालो की त्यांचे काम सोपे होते.

जोगेश्वरीचे लेणे घ्या. सहाव्या शतकातले हे शैव लेणे देशातल्या मोठ्या लेण्यांत गणले जाते. घारापुरीच्याही आधी हे कोरले गेले, असे मानणारे अभ्यासक आहेत. घारापुरीला आपण होडीत बसून, पाहुण्यांना घेऊन हौसेने जातो. जोगेश्वरीच्या लेण्याच्या डोक्यावर मात्र घरे चढली आणि त्यांचे सांडपाणी खालच्या कोरीव खांबांवर झिरपले. लेण्याजवळून रोज हजारो मोटारी हमरस्त्याने जातात. त्यांत बसलेल्या माणसांपैकी दर शंभरांत एकाने जरी वर्षातून एकदा गाडी थांबविली असती, तर त्या लेण्याची ही दशा झाली असती काय?

अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजे कोंडिवट्याची १९ बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एका चैत्यात गोल दालन कोरून त्यात स्तूप ठेवला आहे. बोरिवलीला मंडपेश्वर आहे. तेथे खाली शिवाचे लेणे आणि वर सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज मठाचे भग्न अवशेष, असा दोन धर्मांचा इतिहास एकावर एक रचून ठेवलेला दिसतो. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. ज्या आवारात बसून आपली मुले रात्रंदिवस अमेरिकेची कामे करतात, त्याच आवारात हे उभे आहे!

आणि कान्हेरी? राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरावयास जाणारे आणि सुटीत मुलांना वाघ दाखविणारे पुष्कळ आहेत, त्यांचे कौतुकच आहे; पण त्यांतले किती जण वर कान्हेरीपर्यंत पोहोचतात? शंभरावर लेणी, पावसाचे पाणी धरून ठेवणारी कोरीव टाकी, कल्याण-सोपारा-नाशिकच्या दानशूरांची नावे सांगणारे ब्राह्मी लेख, असे ते एक अख्खे गावच आहे. तेथे पहलवी लिपीत कोरलेले लेखही आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी आपली नावे दगडावर लिहून ठेवली. भिंतीवर नावे कोरू नयेत हा नियम तेव्हा नसावा. आजच्या कोणी हा दाखला देऊ नये. ते पाहुणे इराणचे की गुजरातचे, याचा निवाडा पंडितांनी करावा. आपल्याला एवढे पुरे की कोलंबसाने अमेरिकेचा किनारा पाहिला तो १४९२ साली, आणि त्याच्या पावणेपाचशे वर्षे आधी लांबची माणसे मुद्दाम वाट वाकडी करून बोरिवली पाहावयास येत होती. आपण बोरिवलीतच राहतो, म्हणून आपल्याला वेळ नाही.

हे झाले पाहण्याचे. आता खाण्याचे. शहर ओळखावे ते त्याच्या ताटावरून, असे मी मानतो, कारण ताटात माणसे असतात. शिकागोच्या पिझ्झामागे इटलीहून पोट भरावयास आलेली माणसे आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या गंबो नावाच्या कालवणात आफ्रिकेहून धरून आणलेल्या गुलामांची भेंडी आहे, फ्रेंचांची फोडणी आहे आणि तेथल्या मूळ रहिवाशांनी वाटलेला पाला आहे. "हे येथे कोणी आणले?" एवढा एक प्रश्न विचारीत जो जेवेल, त्याला अमेरिका कळेल. वरणभात खाणाऱ्याला व्हाइट हाउस तेवढे दिसेल.

हाच प्रश्न घरी विचारून पाहावा. आपण ज्याला अस्सल मराठी समजतो त्या वडापावातला बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, आणि पाव पोर्तुगीजांचा. तेव्हा परक्याचा मला विटाळ नाही; अमेरिका आपल्या वड्यात येऊन बसली त्याला शतके लोटली. घाटकोपर-मुलुंडची दाबेली कच्छी मंडळींनी आणली. मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर निर्वासित येऊन वसले, त्यांच्याबरोबर सिंधी घरांतले दालपक्वान आले. उडप्याच्या हॉटेलात इडली वाढणाऱ्यामागे दक्षिण कानड्यातले एखादे खेडे असते. आणि या साऱ्यांच्या आधीपासूनचे येथले लोक म्हणजे वेसाव्याचे कोळी आणि गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती.

ईस्ट इंडियन म्हटल्यावर आमच्या पुष्कळ वाचकांना कलकत्ता आठवेल. ही मंडळी मराठी बोलणारी, याच साष्टी बेटातली, शेती-मासेमारी करणारी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या १८८७ साली त्यांनी हे नाव घेतले. मरोळ, चकाला, कोंडिवटा, आंबोली ही त्यांची गावठाणे. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कांडून, काचेच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवतात तो त्यांचा बाटली-मसाला. लग्नाकार्याला तळतात त्या गोल, पोकळ फुग्या. अंधेरीत तीस-तीस वर्षे राहून फुगी न खाल्लेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यांनी लास व्हेगासच्या कोणत्या हॉटेलात नाश्ता उत्तम मिळतो हे मला सविस्तर सांगितले आहे! गावठाणातली कौलारू घरे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठत आहेत. अंगण गेले म्हणजे मिरच्या वाळवावयाच्या कोठे? मसाला कांडणाऱ्या म्हाताऱ्या बाया गेल्या म्हणजे तो मसाला कोणत्याही दुकानात, कोणत्याही भावाने मिळावयाचा नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की मास्तर स्वतः अमेरिकेला गेले नाहीत, म्हणून द्राक्षे आंबट. गेलो नाही हे खरे. पण गेलेल्यांनी कसे पाहावे याचा धडा अमेरिका करून आलेल्या एका मराठी बाईनेच घालून दिला आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली तेथे गेल्या, आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. राज्य कसे चालते, शाळा कशा आहेत, बायका संस्था कशा उभारतात, काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना कसे वागविले जाते, हे सारे त्यांनी पाहिले. ते पुस्तक म्हणजे स्थळांची यादी नव्हे. आपल्या देशात काय करता येईल हे मनात धरून त्यांनी तो देश पाहिला.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा. "आम्ही शाकाहारी, वेसाव्याला आणि शिकागोला जाऊन खावे काय?" कोणाचे व्रत मोडावे असे मी सांगत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही, आणि १८८६ साली डॉक्टर होऊन दाखविले. जेवणाचे नियम पाळल्याने डोळे मिटत नाहीत. वेसाव्याला बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील पाहावयास, आणि त्या कोळणीशी दोन शब्द बोलावयास, मासे खाण्याची सक्ती नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे. या जागी घाण असते, फलक नसतात, स्वच्छतागृहे नसतात, बायकामुलांना घेऊन जावे कसे? मान्य. पण हे मागावयाचे कोणी? जी जागा आपण पाहिलेलीच नाही, तिच्यासाठी आपण अर्ज करणार नाही, नगरसेवकाला अडविणार नाही, वर्तमानपत्राला पत्र धाडणार नाही. नायगाराची कुंपणे निघाली ती कुंपणापुढे उभे राहून चिडलेल्या माणसांमुळे. चिडावयास तरी आधी जावयास पाहिजे.

वेळ नाही, ही सबब मात्र मी ऐकून घेणार नाही. २०१४ सालापासून घाटकोपर ते वेसावे मेट्रो धावते आहे. एकूण बारा स्थानके, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा तासही लागत नाही. या दिवाळीच्या सुटीत एक दिवस मुलांना घेऊन निघा. सकाळी घाटकोपरला गुजराती फरसाणाच्या दुकानात गरम फाफडा घ्या आणि दुकानदाराला त्याचे मूळ गाव विचारा. मरोळ नाक्याला उतरून गावठाणातला दगडी क्रूस आणि राहिलेली कौलारू घरे पाहा. डी. एन. नगरला उतरून गिल्बर्ट टेकडी चढा, गावदेवीला नमस्कार करा आणि मुलाला खडकावर हात ठेवावयास सांगा. संध्याकाळी वेसाव्याच्या किनाऱ्यावर होड्या परतताना पाहा. चौघांच्या कुटुंबाला भाडे आणि खाणे मिळून जो खर्च येईल, त्यात अमेरिकेचा व्हिसासुद्धा मिळत नाही.

आणि मग पुढेमागे अमेरिकेला जरूर जा. टेकडी चढलेला मुलगा वायोमिंगचा सुळका पाहील तेव्हा नुसते छायाचित्र काढून परतणार नाही. तेथल्या रक्षकाला तो सांगेल की असाच खांबांचा, याहून वडील असा एक खडक आमच्या अंधेरीत आहे. तो आम्ही कसा राखला आहे ते एकदा येऊन पाहा. तो रक्षक खरोखरच पाहावयास आला, तर त्याला दाखवावयास टेकडी शिल्लक असली पाहिजे.